कोपरा ओढताना

सोनखेडचं पाणी आता चाव्या फिरवून सुटत नसे, पडद्यावरच्या चौकटी ओढून सुटे. एकेका वस्तीची एकेक चौकट. कोपरा धरून ती मोठी केली की तिकडचे व्हॉल्व्ह आपोआप जास्त उघडत. प्रोग्रॅम लिहायचा नाही, नुसता मांडायचा. काम इतकं सोपं झालं होतं आणि तिथेच घोळ होता. ओढताना पडद्यावर काहीच कळत नसे. बटण सोडलं की चौकट मोठी होई, पण त्यापायी कुठली वस्ती आक्रसली ते रिकाम्या घागरी घेऊन बायका दारात आल्यावरच समजे.

हा प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीतल्या शाल्मलीने त्यावर ‘सावली’ बसवली होती. कोपरा ओढताओढताच नव्या आकाराची तुटक रेघ दिसे आणि शेजारच्या चौकटी डोळ्यांदेखत लहान होत. एखाद्या घरी डायलिसिसचं यंत्र असेल आणि त्याला पाणी अपुरं पडणार असेल, तर तिथे लाल ठिपका उमटे. हे काम पसंत पडतं की नाही, ते आज ठरणार होतं.

नियंत्रण कक्षात माऊस ऑपरेटर कुंदाताईंच्या हातात होता आणि पाणीखात्याचे खर्डेकर साहेब त्यांच्या मागे उभे होते. साहेबांनी माऊसला हात लावायचा नाही, नुसतं ‘अजून थोडं’ म्हणायचं, ही त्या कचेरीची रीतच होती.

“उद्या पाहुणे उतरताहेत. विश्रामगृहाची चौकट वाढवा. अजून थोडं. अजून.”

कोष्टी गल्लीच्या चौकटीत लाल ठिपका उमटला. कुंदाताईंचा हात थांबला.

“का हो, थांबलात का?”

“साहेब, आजवर दिसत नव्हतं म्हणून ओढत आले. आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्हीच धरा.” त्या सरळ खुर्चीवरून उठल्या.

साहेब अवघडून बसले. “कोण राहतं तिथं?”

“नाव मुद्दामच दाखवत नाही, सर,” शाल्मली म्हणाली. “ओळखीवर पाणी ठरू नये म्हणून.”

साहेबांनी कोपरा पुढे ओढला, ठिपका गडद झाला. मागे घेतला, विझला. दोनतीनदा त्यांनी तसंच केलं. मग चौकट होती तेवढीच ठेवून बटण सोडलं. “पाहुण्यांसाठी टँकर सांगा,” ते कुंदाताईंना म्हणाले.

उठताउठता त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं. “ही सावली बंद करता येते?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. “येते, सर. करारात तशी अट होती.”

“कुठून, ते मला सांगू नका.”

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. पण जिना उतरताना तिच्या मनात आलं, साहेबांची कधी ना कधी बदली होणार. त्यांच्या जागी येणारा माणूस तिला नेमकं तेच विचारील आणि तिला ते सांगावं लागेल. सावली बंद करायची ती सोय गुपचूप काढून टाकावी, तर तो अधिकार तिला कुणी दिला? आणि राहू द्यावी, तर कोष्टी गल्लीतल्या त्या घराने कुणाच्या भरवशावर राहायचं?