डावा गाल

"सून आज संध्याकाळी माहेरी जाईल. तुम्ही फक्त पुरावा द्या," मोक बोंग-न्ये म्हणाली.

कोरियातल्या देगू शहराच्या औषधी गल्लीत तिच्या उजळ कांतीच्या मलमाचं चाळीस वर्षं नाव होतं. आता त्यानेच गिऱ्हाइकाचा चेहरा काळवंडला होता. डबे सून जी-सुक भरते, म्हणजे भेसळ तिचीच, असं म्हातारीचं म्हणणं.

गुप्तहेर सुक-जाबाई पूर्वी औषधाच्या दुकानात होत्या. त्यांचा सोबती दोक-सू निवृत्त बसचालक. जवाचा चहा पार करपला होता. दोक-सूने नाक दाबलं. बोंग-न्येने मात्र तो शांतपणे ओतला आणि प्यायलीसुद्धा.

"मलमाची मुळं खणांतून कोण काढतं?" सुक-जाबाईंनी विचारलं.

"मीच. खणांवर नावं कशाला? माझं नाक आहे ना. सुनेने गेल्या महिन्यात खण धुऊन लावले, खणांशी तेवढाच तिचा संबंध."

शेजारच्या दोन खणांत सारख्याच पांढऱ्या चकत्या होत्या. सुक-जाबाईंनी दोन्ही दोक-सूला हुंगायला दिल्या. एकीला वास नव्हताच, दुसरी उग्र.

"पहिली पिओनीच्या मुळाची, मलमातली," त्या म्हणाल्या. "ही बैकजीच्या मुळाची. काढ्याला उत्तम, पण चोळून उन्हात जाऊ नये, कातडी काळवंडते."

तेवढ्यात तक्रार केलेल्या गिऱ्हाईक ह्वांगबाई दारात आल्या. डावा गाल काळा, उजवा स्वच्छ. "बस चालवते हो मी. लोक विचारतात, नवऱ्याने मारलं का! बहीण हाच डबा वापरते, तिला काही नाही. रात्रपाळीची नर्स आहे, दिवसा झोपते."

"माझाही डावाच गाल रापलाय," दोक-सू म्हणाला. "आपल्याकडे चालकाची खिडकी डावीकडेच."

"बघा, निम्मं कोडं तुम्हीच सोडवलंत," सुक-जाबाई म्हणाल्या.

जी-सुक पुढे आली. "मीच मिसळलं. जाते मी."

"काय मिसळलंस?"

तिने सासूकडे पाहिलं.

"तू काहीच मिसळलं नाहीस," सुक-जाबाई म्हणाल्या. "धुतलेले दोन खण अदलाबदल होऊन बसले. मलमात बैकजी गेली आणि खिडकीतल्या उन्हाने एकच गाल भाजला. पूर्वी मावशींच्या नाकाने ही चूक तिथल्या तिथे पकडली असती. पण करपलेला चहासुद्धा त्यांना कळला नाही. कधीपासून, मावशी?"

बोंग-न्ये खाली बसली. "हिवाळ्यातल्या तापापासून. गल्लीला कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"मला ठाऊक होतं, आई," जी-सुक पुटपुटली. "मला वाटलं, हाताच्या सवयीने निभेल."

म्हणजे सासूचं नाक गेलंय हे झाकायला पोरगी घर सोडायला निघाली होती. दोक-सूला भरून आलं.

बोंग-न्ये उठली. दाराशी गेली आणि ह्वांगबाईंसमोर कमरेत वाकली. "चूक माझी. सगळे डबे परत मागवते."

मग तिने एक चकती उचलून सुनेच्या नाकाखाली धरली.

"घे वास. आणि मला सांग."