लांब बाह्यांचं झंपर

सकाळी साडेनऊला लातूरच्या ठाण्यात फोन वाजला. चोरी झालीय, पलीकडचा माणूस म्हणाला. सहायक फौजदार साहेबरावांनी विचारलं, काय गेलं?

"प्रेरणा," उत्तर आलं.

साहेबरावांना वाटलं, पोरगी पळाली. वय किती, असं त्यांनी विचारलंही. मग कळलं की पोरगी नव्हे, वही गेली होती. वहीसाठी इतका गळा काढणारा माणूस पाहायलाच हवा म्हणून ते स्वतः निघाले.

औसा रोडवरच्या त्या दुकानाला दुकान म्हणायचं नसतं, दालन म्हणायचं. पाटीवर नाव होतं 'मोकळी रेघ'. मालक रविकिरण लातूरचाच, बाजारात वाढलेला. पण पुण्यात चार वर्षं काढून आल्यापासून त्याला लातूरचं ऊन हे ऊन वाटेनासं झालं होतं, तो त्याला प्रकाश म्हणायचा. त्या प्रकाशाचा त्रास होऊ नये म्हणून दालनात दोन एसी होते.

आत चहाचे मग, उशांचे अभ्रे, चादरी, दिवे मांडले होते. सगळ्यांवर एकच नक्षी, ठिपक्या-रेघांचं तुळशीवृंदावन. त्याच्या डाव्या कडेची एक रेघ मात्र वृंदावन सोडून तिरकी खाली गेलेली, तीन ठिपक्यांपाशी थांबलेली. एका मगाची किंमत चौदाशे रुपये. सोबत चिठ्ठी होती: 'ही रेघ चौकट मोडून निघाली. कलावंताच्या मनातला हा बंधनमुक्तीचा क्षण.' साहेबरावांच्या घरी बारा कप होते. त्यांतला एकही आजवर असं काही बोलला नव्हता.

मधोमध काचेची पेटी होती, रिकामी. वही तिच्यात असायची. हातकागदाची, चामडी पुठ्ठ्याची, चारही कोपऱ्यांना पितळी पत्रा ठोकलेली. पहाटे नदीकाठी बसलो की नक्षी आपोआप हातातून उतरते आणि त्या साऱ्या पहाटा या वहीत आहेत, असं रविकिरण प्रत्येक मुलाखतीत सांगत आला होता. कुठली नदी, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पेटीचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन होत्या, एक रविकिरणच्या खिशात आणि दुसरी सामानाच्या खोलीत खिळ्याला.

"ती किल्ली कुठे असते हे तिला माहीत आहे, ऑफिसर," रविकिरणनं बोट दाखवलं.

कोपऱ्यात फरशीवर सत्तरीची केवळाबाई बसली होती. ती मूळची जळकोटकडची, तीन वर्षांपासून इथं झाडलोट करायची. तिची पिशवी कुणीतरी फरशीवर उपडी केलेली. भाकरीचं फडकं, चुन्याची डबी, आधार कार्ड, गोळ्यांची पट्टी. म्हातारी त्या पसाऱ्याकडे बघत होती, उचलत नव्हती.

साहेबरावांना राग आला. त्यांनी वाकून एकेक वस्तू पिशवीत भरली, मग झडती कुणी घेतली ते विचारलं. रविकिरणची बायको मंजुश्री खाली बघू लागली. दालनाचा कारभार तीच पाहायची.

रविकिरणला घाई होती. हैदराबादच्या एका संग्रहालयासाठी वस्तू निवडणाऱ्या बाई विमानानं नांदेडला उतरल्या होत्या, गाडी अहमदपूरला पोचली होती. त्या यायच्या आत म्हातारीला ठाण्यात न्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"नेतो की," साहेबराव म्हणाले. "आधी लेखी द्या. वेळ टाकून, स्वतःच्या हातानं."

त्यानं वळणदार अक्षरात लिहून दिलं. 'रात्री मी दालन बंद केले. सकाळी सातला मीच दार उघडले. तेव्हा वही पेटीत होती, मी स्वतः पाहिली. त्यानंतर नऊपर्यंत केवळाबाई एकटीच आत होती. नऊला वही नव्हती.' खाली सही, आणि सहीलाही एक मोकळी रेघ. साहेबरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

मग ते म्हातारीसमोर स्टूल ओढून बसले.

"मावशी, सकाळी वही पाहिली होती का?"

"म्या खाली बघून झाडते, साहेब. पेटीकडं कशाला बघू?"

"मालकाशी काही वाजलं होतं?"

"वाजलं न्हाई. सोमवारी म्हणलं, झंपराच्या बाह्या कापून घेऊ का, लई उकडायलंय. तर लई चिडले. का चिडले, देवाला ठाऊक."

साहेबरावांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. पॅकिंग करणाऱ्या दोघी बायका अर्ध्या बाह्यांच्या खादी झग्यात होत्या, मंजुश्री बिनबाह्यांच्या. भर मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या होत्या त्या एकट्या केवळाबाईच्या. आणि आत झाडून झालं की ती दिवसभर काम करायची ते मागच्या अंगणात, जिथं एसी पोचत नव्हता.

"हे झंपर कुणी शिवलं?"

"मालकानंच दिलं. म्हणले, म्हाताऱ्या माणसाला असंच शोभतं."

जबाबावर तिचा अंगठा घ्यायचा होता. शाईच्या पॅडवर टेकवायला तिनं डावा हात पुढे केला तशी बाही दोन बोटं वर सरकली. मनगटाशी हिरवट ठिपके दिसले, तीन. तिनं लगेच बाही ओढून घेतली. साहेबरावांनी जवळच्या मगाकडे एक नजर टाकली. अंगठा मात्र त्यांनी सावकाश उमटवून घेतला.

"जेलात टाकायचं तर टाका," म्हातारी हळूच म्हणाली. "पर जळकोटाला कळू देऊ नका. तिथं मला कुणी आजवर चोर म्हणलं न्हाई."

साहेबराव मागच्या भट्टीच्या खोलीत गेले. भट्टी म्हणजे मग भाजायची कपाटाएवढी विजेची पेटी. घाम पुसताना त्यांनी तिला हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. दारावर तांबडे आकडे होते, २४६ अंश. भट्टी सांभाळणारा तिशीतला शिवम तिथंच मगांची खोकी उघडत होता. मग कोरे पांढरे होते, उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून आलेले. नक्षीचे छापील कागद वेगळ्या गठ्ठ्यात.

"हे हातानं रंगवलेले ना?" साहेबरावांनी विचारलं.

"हातानंच चिकटवतो की, साहेब," शिवम निर्विकारपणे म्हणाला.

"भट्टी कधी लावली होती?"

"शनिवारी. त्याच्यानंतर माल आत्ता आला."

"आज गुरुवार. मग ही तापली कशानं?"

शिवमनं आकडे पाहिले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्या न्हाई लावली. नऊला आलो म्या, औशाहून."

"लावायला काय लागतं?"

"नंबर दाबावा लागतो. मला ठाऊक हाय अन् मालकाला."

"पुरती तापून इतकी उतरायला किती वेळ?"

"आठशेपर्यंत चढायला चार तास. उतरायला सगळी रात जाती."

शिवमला मालकाचा राग होता, हे त्यानं लपवलं नाही. चिकटवायचं यानं आणि मुलाखत द्यायची त्यानं, यात राग न येण्यासारखं काही नव्हतंच. पण दालनाची किल्ली त्याच्याकडे नव्हती. सहाला तो गेला की रविकिरण कुलूप लावायचा आणि वरच्या मजल्यावर राहायला जायचा.

मंजुश्रीला साहेबरावांनी एकच गोष्ट विचारली: काल संध्याकाळी काही झालं का? तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, आठला त्या बाईंचा फोन आला होता. मग-बिग मी पाहणार नाही, वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळणार, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर हे जेवले नाहीत. काम आहे म्हणून खाली गेले.

साडेबाराला पाहुण्या बाई आल्या. रविकिरणनं चेहरा पाडून वही गेल्याचं सांगितलं आणि पोलीस चोर घेऊन जातच आहेत असंही सांगितलं. सर्जनाची चोरी ही कलावंताची हत्याच असते, असं एक वाक्यही टाकलं. ते तयार करून ठेवलेलं दिसत होतं.

"निघतोच," साहेबराव म्हणाले. "फक्त भट्टी उघडून बघू."

रविकिरण म्हणाला, गरम आहे. साहेबराव म्हणाले, कशामुळे?

शिवमनं चामडी हातमोजे घालून दार उघडलं. आत राख होती, पापुद्र्यापापुद्र्यांची. तिच्यात चार काळे पडलेले पितळी कोपरे.

"हे शिवमचं काम आहे," रविकिरण ताबडतोब म्हणाला. "नंबर त्यालाही माहीत आहे."

साहेबरावांनी खिशातला कागद काढून उलगडला.

"तुम्ही लिहून दिलंय, सातला वही पेटीत होती, स्वतः पाहिली. मी दहाला आलो तेव्हा भट्टी अडीचशेपर्यंत उतरलेली होती. म्हणजे ती पेटली काल रात्री, आणि तुमची वही त्याच वेळी तिच्यात होती. मावशी सातला आल्या. शिवम नऊला आला. रात्री आत कोण होतं? ज्यानं कुलूप लावलं तो. राख झालेली वही सातला पेटीत पाहिली म्हणणारा माणूस एकच आहे, आणि खाली त्याची सही आहे."

पाहुण्या बाईंनी विचारलं, पण स्वतःची वही कुणी का जाळेल?

"कारण तुम्ही ती उघडणार होता. घरात जाळली तर बायको विचारणार, कचऱ्यात टाकली तर कुणाला तरी सापडणार. तिच्यात नदी नव्हती, बाई. काय होतं ते सांगणारं माणूस या घरात दुसरं एकच आहे, आणि त्याला तीन वर्षं बाह्यांत झाकून ठेवलंय. सोमवारी त्या माणसानं बाह्या कापायचं नाव काढलं. म्हणून वही जाळायची आणि तिलाच चोर ठरवायचं. चोराचं कोण ऐकतं?"

ते केवळाबाईकडे वळले. आवाज खाली आला.

"मावशी, तुमची मर्जी असेल तर बाही वर करा. नसेल तर राहू द्या. माझं काम भट्टीनं केलंय."

म्हातारीनं फरशीला हात टेकला. मग उठून मगांच्या मांडणीपाशी गेली आणि डावी बाही कोपरापर्यंत सारली. सुरकुतल्या कातडीवर हिरवट तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. त्याच्या डाव्या कडेची एक रेघ तिरकी मनगटाकडे गेलेली, तीन ठिपक्यांपाशी थांबलेली. शेजारच्या मगावर तेच होतं, ठिपक्याला ठिपका.

"कामाला ठेवलं तवा टेबलावर हात ठिवायला लावला," ती म्हणाली. "बाह्याचं माप घ्यायचं म्हणले. वर पातळ कागद ठिवून पेन्शील फिरवली, अन् त्यो कागद त्या वहीत चिकटवला. पुढं कपावर बघितलं तवा वळखलं. पर कामाला ठेवलंय म्हणून गप बसले."

पाहुण्या बाईंनी चिठ्ठी वाचली, हात पाहिला, परत चिठ्ठी वाचली. मग अदबीनं विचारलं, आजी, ही रेघ अशी बाहेर का गेली?

"सात वर्साची व्हते म्या. सुई लई दुखली, म्हणून हात वढला."

चौदाशे रुपयांच्या त्या सगळ्या मगांवर, अभ्र्यांवर आणि दिव्यांवर एका पोरीचं दुखणं छापलेलं होतं. रविकिरणला अजून काहीतरी म्हणायचं होतं.

"पण त्या रेघेला अर्थ मी दिला," तो म्हणाला.

"ते जीपमध्ये सांगा," साहेबराव म्हणाले. "खोटी तक्रार दिलीत म्हणून बसायचंय, अर्थ दिलात म्हणून नाही."

पाहुण्या बाईंनी मोबाइल काढला आणि हाताचा एक फोटो घेऊ का म्हणून विचारलं. केवळाबाईनं मान हलवून नको म्हटलं. तिनं पॅकिंगच्या टेबलावरची कात्री उचलली आणि डावी बाही दंडापासून कापली. उजवी स्वतःला कापता येईना. मंजुश्री पुढे आली, तिच्या हातातून कात्री घेतली आणि उजवी कापून दिली. दोन्ही बाह्या मगांच्या मांडणीवर पडल्या.

साहेबरावांनी पिशवी म्हातारीच्या हातात दिली आणि जळकोटला जाताना कुणी काही विचारलं तर माझं नाव सांगा म्हणाले. म्हातारीनं उघडे दंड चोळले.

"तीन वर्सं लई उकडलं, साहेब," ती म्हणाली, आणि चपला पायात सरकवून बाहेरच्या उन्हात चालू लागली.