वीस मुलांचा वर्ग

कासारखेड्याच्या शाळेत पहिलीची साठ मुलं एकाच लांब खोलीत बसत, पण त्यांतल्या कुणालाही एकोणीसपेक्षा जास्त सोबती दिसत नसत.

लहान मुलांच्या वर्गात विसाच्या वर मुलं नकोत, हा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती. कायदा चांगलाच होता. साठ मुलांच्या गर्दीत मागे बसून रडणारं मूल बाईंना दिसत नाही, हे सगळ्यांना पटलं होतं. फक्त खोल्या बांधायला कुणी तयार नव्हतं. मग तोडगा निघाला तो आपल्या नेहमीच्या पद्धतीचा. भिंत बांधण्याऐवजी ती मुलांच्या डोळ्यांवरच चढवायची. सरकारी कागदावर तिचं नाव ‘दृष्टिवाटप’, गावात ‘झापडं’. एक हलका चष्मा आणि कानात मण्याएवढं यंत्र. अ तुकडीच्या मुलाला ब आणि क तुकडीतलं कुणी, अगदी तिथल्या बाईसुद्धा, दिसायचं नाही, ऐकूही यायचं नाही. मधे कुणी आलंच तर चष्मा त्या जागी एखादं कपाट दाखवी. तीन बाई एकाच खोलीत तीन धडे शिकवत. तपासणीला आलेले साहेब चष्मा लावत, वीस डोकी मोजत आणि चहा पिऊन जात.

मयूरी घोंगडे याच शाळेत शिक्षिका होती. तिची जुळी मुलं, जुई आणि विहंग, यंदा पहिलीत आली. जुई फार अबोल. कुणी नाव विचारलं तरी ती भावाकडे बघे आणि उत्तर तो देई. दोघं एकत्र राहिली तर पोरगी जन्मात तोंड उघडायची नाही, म्हणून मयूरीनेच जूनमध्ये मुख्याध्यापकांना सांगितलं, “सर, यांना वेगळ्या तुकड्या द्या.” जुई अ तुकडीत गेली, विहंग ब तुकडीत. दिवाळीनंतर क तुकडीच्या बाई बदलून गेल्या आणि ती तुकडी मयूरीकडे आली.

युक्ती लागू पडली. जुई बोलायला लागली. आधी एकेक शब्द, मग चक्क पूर्ण वाक्यं. मयूरीला इतका आनंद झाला की तिने आळीत पेढे वाटले.

जानेवारीपासून मुलांची भांडणंही थांबली. एकट्या तिच्या घरातली नाही, साऱ्या आळीतली. संध्याकाळी मारुतीसमोरच्या मोकळ्या जागेत लगोरीचे तीन डाव एकावर एक मांडलेले असत, मुलं एकमेकांवर आदळत आणि कुणी कुणाला शिवी देत नसे. आया म्हणत, शाळेने वळण लावलं बघा. जुईला हल्ली दोन-तीन हाका माराव्या लागत. मयूरीला वाटे, बोलायला लागली तशी हट्टीही झाली.

मग एके दिवशी विहंग पायरीवरून पडला आणि त्याचा गुडघा फुटला. तो मोठ्याने रडत होता. त्याच पायरीवर, हातभर अंतरावर, जुई बोरं खात बसली होती. तिने मानही वळवली नाही.

“जुई, अगं तो रडतोय. दिसत नाही का तुला?”

“कोण?” जुईने विचारलं.

तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, कानात यंत्रही नव्हतं. मुलं दोन्ही शाळेतच ठेवून येत.

जिल्ह्याच्या गावी डॉ. सबनीस नावाचे मेंदूतज्ज्ञ होते. दृष्टिवाटपाच्या मंजुरीवर त्यांनी सही केली होती, म्हणून मयूरी हट्टाने त्यांच्याकडेच गेली. त्यांनी टेबलावर चिक्कीचा डबा ठेवला आणि जुईला म्हणाले, “खोलीत जेवढी माणसं आहेत, तेवढ्या वड्या वाट.”

जुईने एक वडी डॉक्टरांना दिली, एक स्वतःला घेतली. तिसरी देताना तिने इकडेतिकडे पाहिलं, जरा शोधलं आणि ती आईच्या हातावर ठेवली. विहंग हात पुढे करून उभाच होता. पण त्याचीही नजर बहिणीवर नव्हती, डब्यावर होती.

डॉक्टरांनी मुलांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

“डोळे ठीक आहेत दोघांचे,” ते म्हणाले. “पण बघतो तो मेंदू. घरातल्या घड्याळाची टिकटिक तुम्हाला ऐकू येते का? कानावर पडते, पण मेंदू ती टाकून देतो. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून ठरवत असतो, काय ठेवायचं आणि काय टाकायचं. वर्गात तिला कुणाचा तरी धक्का लागतो आणि समोर दिसतं कपाट. रोज सहा तास. शेवटी मेंदू शिकतो, ही माणसं नसतातच. मग त्याला चष्म्याची गरज उरत नाही.”

“तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“आम्ही मोठ्या माणसांवर चाचणी घेतली होती,” डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. “मोठ्यांना काही झालं नाही.”

मयूरीला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण काम अडलं होतं. “आजपासून झापडं बंद केली तर?”

“सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत आशा आहे. पण नुसती बंद करून भागणार नाही. त्यांचा हात एकमेकांच्या हातात देऊन रोज सांगावं लागेल, हा तुझा भाऊ, ही तुझी बहीण. आणि सांगणारं माणूस दोघांनाही नीट दिसणारं हवं.”

“मी सांगेन ना. मी आई आहे त्यांची.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, “तुम्ही कुठली तुकडी शिकवता, बाई?”

“क.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

एसटी स्टँडवर मयूरी दोन्ही हातांत दोन मुलं घट्ट धरून उभी होती. ती सारखं काहीतरी बोलत होती, जुई, बस येईल हं आता, जुई, भूक लागली का. जुई स्टँडकडे टुकूटुकू बघत होती. मग ती पेरू विकणाऱ्या बाईकडे वळली आणि स्वच्छ, एकदाही न अडखळता म्हणाली, “मावशी, माझं नाव जुई घोंगडे. मी कासारखेड्याची. माझी आई अजून आली नाही. मला घरी सोडता का?”

“आई,” पलीकडून विहंगने हात ओढला. त्याचा आवाज घाबरलेला होता. “तू बोलत का नाहीस? मघापासून गप्पच आहेस.”

पेरूवाली हसली. “अगं बाय, हात धरून उभी हाय की तुझी आई.”

जुईने आपल्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कुठंय?” तिने विचारलं.