मधला गडी

तुळजापूरच्या रणधीरला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या. एक पोट, आणि दुसरा गळा. कुणाचाबी आवाज एकदा कानावर पडला की दुसऱ्या दिवशी तो रणधीरच्या गळ्यातनं बाहेर. तहसीलदाराच्या आवाजात फोन करून त्यानं तलाठी पळवले होते. सासऱ्याच्या आवाजात मेव्हण्याकडनं आंब्याची पेटी मागवून खाल्ली होती. पंचेचाळिशी उलटली, टक्कल पडलं, पण खोड काय जाईना.

त्यामुळं हेल्मेटात बसवायचा इंटरकॉम घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात उंच उड्या ह्याच्याच.

तिघं शाळेपासनंचे दोस्त. रणधीर, टायरचं दुकानवाला मल्लेश, आणि हायस्कुलात सायन्स शिकवणारा बुद्धघोष. मोटरसायकलवर गोकर्णला जायचं पक्कं झालं होतं. धाराशिवच्या दुकानदारानं दोन तऱ्हेचे सेट ट्रायलला दिले होते: आवडंल तो ठेवा, दुसरा संध्याकाळपर्यंत आणून द्या. म्हणून एप्रिलच्या उन्हात तिघं अणदूरच्या अंगाला माळावर आले होते. ज्वारी काढून झालेली, रानं उघडी पडलेली, पवनचक्क्या सुस्तावल्यागत फिरायल्या.

पहिला सेट स्वस्तातला, साखळीचा. पुढच्याचं बोलणं मधल्याच्या हेल्मेटातनं मागच्याला जायचं. मल्लेश पुढं, बुद्धघोष मागं, रणधीर मधी. म्हंजे मांजराला दुधाची राखण.

रणधीरनं बुद्धघोषची लाईन हळूच तोडली. थोड्या वेळानं मल्लेशच्या कानात बुद्धघोष मास्तर बोलायला लागले.

"मल्लेश, ती गाडी हाय का म्हैस? रवंथ केल्यागत वाजायलीय."

मल्लेश गाडी वळवून थेट मास्तरच्या अंगावर गेला. "म्हैस कुणाला म्हणतोस बे?"

"मी? मी कधी म्हणलो?"

रणधीर हँडलवर डोकं टेकून हसायला लागला. मल्लेश हसला न्हाय.

"रणध्या, पुढं घाट हायत. पुढच्यानं 'मोकळं हाय' म्हणलं की मागचा डोळे झाकून ट्रकाला मागं टाकतो. तिथं आवाजावर जीव असतो. आज परत चेष्टा केलीस तर आमी दोघंच जातो."

"व्हय," बुद्धघोष म्हणला. "दोघंच."

रणधीरचं हसू तिथंच बसलं. गावात त्याचा शब्द कुणी खरा धरत नव्हतं, घरात बायकोबी न्हाय. ही दोघं तेवढी उरली होती. त्यानं कान धरले. "आईची आण. आता नक्कल बंद."

दुसरा सेट महागाचा, मेशवाला. ह्यात सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जातं, आणि लांबच्याला आवाज पोचवायला मधलं कुठलंबी हेल्मेट चालतं. मल्लेश खिंडीच्या पलीकडं गेला. बुद्धघोष अलीकडं चहाच्या टपरीवर थांबला. रणधीर मधी, खिंडीत, दोन्हीकडचा रस्ता दिसंल असा. आवाज एकदम फस्क्लास.

"आता तुझा बंद कर," बुद्धघोष म्हणला. "मधला गडी न्हाय तर लाईन तुटली पायजे. टेकडी हाय मधी."

रणधीरनं बटण दाबून धरलं. निळा दिवा विझला. हेल्मेट काढून त्यानं टाकीवर ठेवलं. पवनचक्कीच्या पात्याची सावली रस्त्यावरनं सरकायची, जायची, परत यायची.

फोन वाजला. बुद्धघोष.

"बंद कर म्हणलो ना."

"बंदच हाय."

"मग मल्लेश इतका क्लिअर कसा ऐकू येतोय? मधी कोण हाय?"

"खिंडीत म्या आन् एक टिटवी. टिटवीकडं हेल्मेट न्हाय, मास्तर."

पलीकडं बुद्धघोषनं कान टवकारले. मग म्हणला, "फोनवर पण तूच, कानात पण तूच. हे कसं करायलास?"

"काय करायलोय?"

फोन हेल्मेटात खुपसल्याची खरखर झाली. आणि रणधीरला स्वतःचा आवाज ऐकू आला. तीच ओढ, वाक्याच्या शेवटाला खोकल्यागत तेच हसू. मेव्हण्याच्या आंब्याचा किस्सा चालला होता. मल्लेश खदखदून हसत होता. तो आवाज रणधीरपेक्षा किस्सा चांगला सांगत होता.

रणधीरच्या टकलावरचा घाम गार पडला.

"मास्तर, तो म्या न्हाय. मल्लेशला सांग, त्या आवाजाचं ऐकू नको म्हणावं."

"आईची आण घेतलीस ना मगाशी?" बुद्धघोष म्हणला, आणि फोन ठेवला.

खाली पलीकडच्या चढाला कडब्याचा ट्रक लागला होता. दोन्ही अंगांनी कडबा असा बाहेर आलेला, की रस्ताच भरून गेला होता. त्याच्या मागं, परत यायला निघालेला मल्लेश. आणि रणधीरच्या पाठीमागनं पाण्याचा टँकर येत होता, उताराला लागायच्या बेतात, जोरात.

'मोकळं हाय का?' मल्लेश विचारत असणार. आणि कुणीतरी सांगत असणार.

रणधीर पळाला. पोट सावरत, हात हालवत. "येऊ नको! मल्ल्या, येऊ नको!"

टँकर त्याच्या अंगावर गरम वारा टाकून पुढं गेला.

मल्लेश कडब्याच्या आडनं बाहेर पडला.

ब्रेक किंचाळले. मोटरसायकल कडंच्या मुरमात घुसली आणि आडवी झाली. टँकरवाला शिव्या हासडत निघून गेला.

मल्लेश उठला. कोपर सोललं होतं. त्यानं हेल्मेटाची काच वर केली आणि रणधीरच्या कानाखाली वाजवली.

"'मोकळं हाय, ये' म्हणलास. हसत म्हणलास."

"म्या न्हाय रं. माझं बंद हाय. बघ की."

बुद्धघोष येऊन पोचला. रणधीरनं पळत जाऊन आपलं हेल्मेट आणलं. मास्तरनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. दिवा विझलेला. मग त्यानं रणधीरच्या तोंडाकडं बघितलं.

तोंड मिटलेलं होतं. दोघांच्या हेल्मेटांतनं बारीक बोलणं चालूच होतं.

दोघंबी मान जरा तिरकी करून ऐकायला लागले. रणधीरला शब्द लागले न्हाईत. आवाज मात्र नरम होता, माफी मागताना माणूस बोलतो तसा. रणधीरनं जन्मात कुणाची अशी माफी मागितली नव्हती.

मल्लेशचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बरं, जाऊ दे," तो म्हणला. "वाचलो ना. जाऊ दे, रणध्या."

"व्हय रं, जाऊ दे," रणधीरनं हात पुढं केला.

मल्लेशनं त्याच्याकडं बघितलं न्हाय. गाडी उचलली, किक मारली.

रणधीर बुद्धघोषच्या गाडीपुढं आडवा उभा राहिला. मास्तरनं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. रस्त्यात पडलेली वस्तू अनोळखी माणसाला उचलून द्यावी, तसं.

"जरा बाजूला व्हता का?" तो म्हणला. "तुम्हाला लागंल."

दोन्ही गाड्या निघाल्या.

रणधीरनं हेल्मेट डोक्यात घातलं, बटण दाबलं. निळा दिवा लागला. कानात तिघं हसत होते.

"मल्लेश! मास्तर! थांबा!"

हसणं थांबलं.

मग त्याचाच आवाज आला, शांत. "मधी कोणतरी घुसायलंय. चॅनल बदला."

टक् झालं. पुढं काहीच न्हाय.

तुळजापूरच्या सरळ रस्त्यावर दोघं लांब लांब जात होते. मल्लेश पुढं, बुद्धघोष मागं, मधी एका गाडीची जागा सोडून. एस्टी रणधीरच्या अंगावर धूळ उडवून गेली. तिनं बुद्धघोषला मागं टाकलं, आणि मधल्या मोकळ्या जागेशी येऊन हॉर्न वाजवला. जरा हळू झाली. परत वाजवला.

मग वाट मिळाली असावी. पुढं निघताना ड्रायव्हरनं खिडकीतनं हात बाहेर काढून त्या जागेला सलाम केला.