मागून येणाऱ्यासाठी दोरी

शिडीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. माळ्यावरचा डबा काढायला त्याला स्टूल लागत नसे, म्हणून उस्तादांनी ते ठेवलं आणि जन्माचं चिकटलं. घरोघरी इंटरनेट जोडून देणं हा त्याचा धंदा. लोकांना वाटतं, या कामात डब्यावरचे दिवे बघत बसायचं असतं. खरं तर निम्मं आयुष्य भिंतींची मनधरणी करण्यात जातं. कुठली भिंत पोकळ आणि कुठली हट्टी, हे त्याला बोटाच्या टिचकीवर कळत असे.

हे सगळं शिकवलं उस्तादांनी. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका सकाळी त्यांच्या बायकोचा फोन आला. ती निवृत्त नर्स. आवाज अजूनही वॉर्डातला.

"शिडीराव, जिवंत आहेस ना? गेमचं यंत्र इंटरनेटला जोडायचंय. दुपारी ये."

"काकू, नातवंडं आलीत वाटतं?"

"नातवंडं कसली डोंबलाची! मलाच खेळायचंय."

दुपारी तो गेला तेव्हा उलगडा झाला. उस्तादांचे गुडघे गेल्यावर दोघांनी विरंगुळा म्हणून एक कन्सोल घेतला होता. त्यात एकच खेळ. तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, मासा लागला तर ओढायचा, नाही लागला तर बसून राहायचं. जन्मभर एकाने वायरी ओढल्या, दुसरीने रात्रपाळ्या. दोघांनाही बसून राहण्याचं अप्रूप होतं. उस्ताद गेल्यावर नर्सबाई एकट्याच खेळत. ड्यूटीवर हजर व्हावं तशा रोज संध्याकाळी वरच्या खोलीत जाऊन बसत.

लेक दुसऱ्या शहरात. थंडीत नर्सबाई न्हाणीघरात पडल्या आणि सकाळपर्यंत तशाच पडून राहिल्या, तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. आईला मोबाइल घेऊन दिला, तर तो स्वयंपाकघरात चार्जरला लटकलेला. दहा वेळा वाजला तरी उचलणार नाही. शेवटी लेकीने स्वतःसाठी तसाच कन्सोल घेतला आणि तहाची कलमं सांगितली.

"म्हणते, तुझा खेळ इंटरनेटला जोड. रोज संध्याकाळी दोघी एकाच तळ्यावर बसू. तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की मी समजेन, आई ठीक आहे. एक दिवस दिसला नाही, की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते न्यायला." नर्सबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे आदळला. "मला या घरातून हलायचं नाही, शिडीराव. यांनी एकेक खिळा ठोकलाय इथे. तेव्हा तो ठिपका मला पाहिजे. काय वाट्टेल ते कर."

त्याने कामाला हात घातला. राऊटर खाली, पुढच्या खोलीत. कन्सोल वर, जिन्याच्या टोकाच्या खोलीत. मधे हातभर जाडीची दगडी भिंत. वायफाय जिन्याच्या निम्म्यापर्यंत चढे आणि दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं तिथेच बसे. कन्सोल जोडला जाई, गळ पाण्यात पडे, आणि मासा लागायच्या आत पडद्यावर यायचं, 'जोडणी तुटली'.

"कन्सोल खालीच आणूया ना, काकू."

"यांची खुर्ची वर आहे," नर्सबाई म्हणाल्या.

म्हणजे वायर ओढायला हवी होती. भिंतीत पाइप होता. उस्तादांनीच वर टेलिफोन नेताना टाकलेला. खालच्या तोंडाशी शिडीरावाने बोट घातलं आणि त्याला बरं वाटलं. आत नायलॉनची दोरी होती. ही उस्तादांची शिस्त. पाइप कधी रिकामा सोडायचा नाही. काम संपलं तरी आत एक दोरी ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला तिच्या टोकाला नवी वायर बांधून सरळ ओढून घेता येते. "मागून येणाऱ्यासाठी दोरी ठेवावी," असं ते म्हणत. दोरी न ठेवणाऱ्या कारागिराला ते आपल्या पंगतीला बसवत नसत.

दुसरी शिस्त हिसक्यांची. भिंतीच्या दोन बाजूंना दोघं असले की ओरडून ऐकू येत नाही. खालच्याने दोरीला दोन हिसके द्यायचे, म्हणजे 'बांधली'. वरच्याने दोन परत द्यायचे, म्हणजे 'मिळाली, ओढतो'.

"मी वर जाऊन ओढते," नर्सबाई म्हणाल्या. "जन्मभर यांच्या वायरी ओढल्यात, मला काय शिकवतोस?" आणि त्या बाहेर पडल्या.

शिडीरावाने वायर दोरीला बांधली, भिंतीशी मांडी घातली आणि दोन हिसके दिले. थोडा वेळ काहीच नाही. घर शांत होतं, पाण्याची टाकी कुठेतरी ठिबकत होती. मग दोरीला वरून दोन हिसके आले आणि वायर सरकू लागली.

छान ओढत होत्या काकू. एक लांब ओढ, मग क्षणभर उसंत, त्या उसंतीत वायरीला पडलेला पीळ आपोआप सुटायचा, मग पुन्हा लांब ओढ. अशी हाताची लय त्याने फार दिवसांत पाहिली नव्हती. हल्लीची पोरं रस्सीखेच खेळल्यासारखी ओढतात. तो तळहातातून वायर सोडत राहिला. उस्ताद अशीच ओढायचे.

फाटक वाजलं. नर्सबाई पावाची पिशवी घेऊन अंगणातून आत आल्या.

"थांब हं, आता जातेच वर. फाटकावरची पाववाल्याची पिशवी घ्यायला गेले, तर शेजारीण भेटली. एकदा बोलायला लागली की सुटका नाही."

वायर त्याच्या हातातून सरकत होती. लांब ओढ. उसंत.

"काकू..." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "वर... कोण आहे?"

"वर कोण असणार?"

वायर थांबली. पुरेशी वर गेल्यावर कारागीर थांबतो तशी. मग दोन हिसके आले.

तो जिना चढून वर गेला. खोलीत दोन खुर्च्या, टीव्ही, खाली कन्सोल. खिडकी आतून बंद. खोलीत कथिलाचा आणि राळेचा वास होता, तारांना डाग देऊन नुकतंच कुणी उठावं तसा. आणि डावीकडच्या खुर्चीच्या हातावर सोडवलेली दोरी नीट गुंडाळून ठेवलेली होती. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, शेवटचा वेढा मधल्या कमरेतून काढून.

नर्सबाई त्याच्या मागोमाग आल्या. त्यांनी ती गुंडाळी बराच वेळ पाहिली.

"तूच गुंडाळलीस ना?"

"हो," शिडीराव म्हणाला.

"तुझा आठ कधी असा यायचा नाही. त्यावरून बोलणी खायचास." आणि त्या हसल्या. त्या हसण्यात भीती औषधालासुद्धा नव्हती. तीच सगळी शिडीरावाच्या वाट्याला आली होती.

त्याने वायरीच्या टोकाला जोड बसवला, कन्सोलमध्ये खोचला. जोडणी लगेच झाली. फोनवर लेक आनंदाने ओरडली, "आई, दिसलीस गं!" शिडीरावाने हत्यारं भरली. कुणाला काही सांगायचं नाही, असं त्याने फाटकापाशीच ठरवलं. अळीमिळी गुपचिळी. सांगणार तरी काय, की वायर फार छान ओढली गेली?

त्यानंतर कितीतरी महिने सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी ठिपका उगवे, रात्री मावळे. लेकीला झोप लागू लागली. पडणं, नेणं, गाडी, सगळे विषय मागे पडले. मग एका शुक्रवारी दुपारी तिने शिडीरावाला फोन केला.

"दादा, आईकडे जाऊन येता का? तिच्या जोडणीत कुणीतरी घुसलंय असं वाटतंय."

"घुसलंय म्हणजे?"

"सोमवारपासून तिच्या शेजारी दुसरं कुणीतरी बसतं. दोन गळ दिसतात पाण्यात. आधी वाटलं शेजारीण असेल. पण हा जो कोण आहे तो पक्का आहे हो, एक मासा सुटत नाही त्याच्या हातून. आणि आता तर दुपारीही दोघं दिसतात. आत्ता मी घरीच आहे, कन्सोलवर, समोर दिसतायत दोघं. आईला फोन केला तर उचलत नाही. ते काही नवीन नाही म्हणा."

"आई... ठीक आहे ना पण?"

"ठीक म्हणजे काय, मजेत आहे. काल चांगला तासभर बसलो होतो तिघं."

फाटकाशी पावाच्या पिशव्या लटकत होत्या, एकीवर एक. शेजारणीकडे किल्ली होती. ती म्हणाली, रोज संध्याकाळी वरच्या खोलीत टीव्हीचा उजेड दिसत होता, म्हणून मी काही डोकावले नाही. दार उघडलं आणि वासानेच दोघांना सगळं सांगितलं.

नर्सबाई स्वयंपाकघरात होत्या, ओट्याखाली, कुशीवर. मोबाइल चार्जरला लटकलेला होता. नंतर डॉक्टर म्हणाले, सोमवारीच गेल्या असाव्यात. पडल्या आणि लगेच. शेजारीण तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. शिडीराव मात्र जिना चढला. का चढला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. वरून पाण्याचा बारीक आवाज येत होता.

टीव्ही चालू होता. पडद्यावर तळं, तिन्हीसांज, आणि काठावर पाठमोरी दोन माणसं. दोन्ही खुर्च्या टीव्हीकडे वळवलेल्या. उस्तादांचा कंट्रोलर नर्सबाईंनी त्यांच्यामागे प्लॅस्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवला होता. तो आता डाव्या खुर्चीच्या हातावर होता. त्याने कशालाही हात लावला नाही. फक्त वाकून कन्सोलमधून वायर उपसली. पडदा तसाच राहिला, पाणी हलत राहिलं.

खिशातला फोन वाजला.

"दादा, पोचलात ना? आत्ताच ठिपका गेला. तुम्ही आलात म्हणून आईने बंद केलं वाटतं. द्या ना तिला फोन."

शिडीराव जिन्याच्या पायरीवर येऊन बसला.

"दादा?"

"ताई... तुम्ही बसून घ्या आधी."

त्याने जमेल तसं सांगितलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "सोमवारी... नाही हो. आत्ता... आत्ता जाताना तिने मला हात हलवला. दोघांनी हलवला." आणि मग ती रडू लागली. सोमवारी तो ठिपका दिसला नसता, तर मंगळवारी ती गाडी घेऊन आली असती. निदान आई अशी पडून राहिली नसती. हे ती पुढे सगळ्यांना सांगे. शिडीरावाला दर वेळी वाटे, ही मला सांगतेय. ती वायर ओढणाऱ्याला तो ओळखत होता आणि तोंड शिवून बसला होता.

सगळं उरकल्यावर लेकीने घर विकायला काढलं. कन्सोल, टीव्ही, दोन्ही खुर्च्या जुन्या बाजारवाल्याने नेल्या. वीज तोडली. शेवटी वायर तेवढी काढून न्या म्हणून तिने शिडीरावाला बोलावलं. तो भर दुपारी गेला. वरची खोली आधी पाहून आला. मोकळी होती. भिंतीच्या भोकातून वायरीचं टोक लोंबत होतं, बाकी फरशी. त्याने दाराला बाहेरून कडी घातली आणि खाली येऊन भिंतीशी बसला.

वायर हातात घेतली आणि हात आपल्या सवयीने गेला. दोन हिसके.

उत्तर आलं. दोन, ठाशीव.

मग, जरा थांबून, आणखी दोन आले. हलके, थोडे मागेपुढे, सवय मोडलेल्याने द्यावेत तसे. आणि वायर वर सरकू लागली. लांब ओढ. उसंत.

शिडीरावाने पिशवीतली पकड काढून वायर भिंतीलगत कापली. कापलेलं टोक सुर्रकन आत गेलं. पाइपाचं तोंड त्याने सिमेंटने लिंपलं, हाताने, थापी शोधायलाही थांबला नाही. दोरी काही ठेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मुद्दाम पाइप तसाच सोडला.

घर विकलं गेलं. शिडीराव अजून तेच काम करतो, पण आता वायर ओढताना सोबतीला माणूस घेतो आणि हिसके देत नाही, फोन करतो. लोक हसतात. एवढा उंच गडी आणि एवढा भित्रा. हसोत.

परवा त्याच्या बायकोने विचारलं, "राऊटरच्या मागे ते काय लोंबतंय? केर काढताना हातात येतं."

त्याच्या घराच्या भिंतीतही एक पाइप आहे. राऊटरपासून थेट गच्चीवर जाणारा. कधीतरी लागेल म्हणून टाकलेला, कधी लागला नाही. वरचं तोंड त्याने पाइप टाकतानाच बंद करून टाकलं होतं. त्याने खुर्ची सरकवून पाहिलं. पाइपातून नायलॉनची दोरी बाहेर आली होती. त्याने टाकलेली दोरी निळी होती; ही जुनी, पिवळट. टोक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं गुंडाळलेलं, शेवटचा वेढा मधल्या कमरेतून काढलेला.

"तुम्हीच टाकली असेल," बायको म्हणाली. "तुमच्या उस्तादांची ती शिस्त ना? मागून येणाऱ्यासाठी..."

"हो," शिडीराव म्हणाला.

त्याने खुर्ची पुन्हा होती तिथे लावली. दोरी अजून तिथेच आहे. बायकोला त्याने बजावून ठेवलंय की काही झालं तरी दोरीला हात लावायचा नाही, ओढायची तर मुळीच नाही. पण बायको म्हणते, मी कशाला लावू हात... ती आपली आपणच हलते अधूनमधून, दोन-दोनदा.