सात ते आठ, नळ बंद

नेड सटक्लिफ मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या डोक्यावर साबणाचा फेस होता, कमरेला टॉवेल होता, आणि मी त्याच्यावर डाफरत होते.

"तुमचा नळ बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"अहो, आंघोळ करतोय मी... माझ्याच घरात."

"तुमच्या घरात करताय, पण पाणी माझं पळवताय!"

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समधली नोव्हेंबरची सकाळ. उघड्या दारातून बोचरं वारं थेट त्याच्या अनवाणी पायांवर जात होतं. "असं करू," तो म्हणाला, "फेस तेवढा धुऊ द्या. मग हवं तर पोलिसांत द्या मला."

आणि चक्क हसला. मला हसायला वेळ नव्हता, तरी मी... थोडीशी हसलेच.

माझ्या घरात ग्लेनिस वाट बघत होती. ही गॅसची कामं करणारी मिस्त्री. वय साठीच्या आसपास, जिभेला हाड नाही. माझ्याकडे कॉम्बी बॉयलर चालेल का, ते बघायला आली होती. जुन्या तऱ्हेत पाणी तापवून भल्या मोठ्या टाकीत साठवायचं. कॉम्बीला टाकीच लागत नाही, नळ सोडला की पाणी वाहतावाहता तापतं. मला नव्या बॉयलरची हौस नव्हती, मला टाकीची जागा हवी होती. स्वयंपाकघरामागच्या बाथरूममध्ये ती तांब्याची टाकी ठाण मांडून बसली होती, आणि नेमका तिथेच बाबांसाठी खुर्चीवर बसून घ्यायचा शॉवर मावत होता. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. टबाची कड ओलांडणं त्यांना आता जमणार नव्हतं. हॉस्पिटलवाल्या बाईंनी सरळ सांगितलं, "तीन आठवड्यांत सोय झाली तर घरी, नाहीतर वृद्धाश्रम." बाबा तोंडाने "चालेल गं टेसा" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते मला बघवलं नाही.

पण कॉम्बीला नळाला जोरकस धार लागते. ग्लेनिसने नळाखाली मापाचं भांडं धरलं तर मिनिटाला चौदा लिटर! मी टाळी वाजवणार, तोच धार सहावर आली.

"शेजारी कोणीतरी न्हातंय," ग्लेनिस म्हणाली. "या ओळीत दोन-दोन घरांना मिळून एकच नळी आहे. पणजोबांच्या जमान्यातली."

म्हणून मी तशी धावले होते.

पाच मिनिटांत ओल्या केसांनी नेड आमच्या स्वयंपाकघरात हजर झाला. "पाणीचोर आलाय," म्हणाला. ग्लेनिसने त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. "काय रे, रोज याच वेळेला आंघोळ?"

"सातला. हिवाळ्यात मी मिठाची गाडी चालवतो." रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून डोंगरवाटांवर मीठ पसरत जाणारी गाडी. "घरी येतो तेव्हा पार गोठलेला असतो."

"झालं मग!" मी कपाळाला हात लावला. "बाबांना आंघोळ घालायला बाई येणार तीही सातलाच. त्यांच्याकडे दुसरी वेळच नाही."

त्याने ओले केस मागे सारले. "मग मी आठनंतर करेन."

"रोज?"

"रोज."

"अख्खा हिवाळा?"

"तुमचे बाबा हिवाळ्यापुरतेच राहणारेत का?"

"नाही..."

"मग पुढेही."

इतकं सहज कोणी बोललं की मी सावधच होते. वर्षापूर्वी ज्याच्याशी साखरपुडा केला होता, तोही "मी आहे ना" असंच सहज म्हणायचा. आता तो लीड्सला आहे, दुसऱ्या कोणाबरोबर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नेड गेल्यावर ग्लेनिसने भांडं पिशवीत टाकलं. "पोरी, बॉयलर शब्दावर चालत नाही, पाण्यावर चालतो. वेगळी नळी टाकायला रस्ता खणावा लागेल, तो उन्हाळ्याआधी कोणी खणत नाही. तोवर यानं एक दिवस विसरून नळ सोडला, तर तुझी धार मरणार. धार मेली की बॉयलर विझणार, आणि साबण लावलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर गार पाणी. दचकून घसरला म्हणजे? ...बघ बाई. चांगला दिसतो, म्हणून हो म्हणू नकोस."

"चांगला कुठे दिसतो?"

"बरं!" म्हणत ती गेली.

मी विचाराला दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला दारावर टकटक. बाहेर नेड, नारिंगी कोटात, नाक लालबुंद.

"शेजारीणबाई, नळ उघडून मोजा. चौदा आहेत ना?"

मी झोपेतल्या अवतारात बादली धरली. "चौदाच."

"वा! आता आठपर्यंत इथेच बसतो. म्हणजे तुम्हाला शंका नको."

मी चहा केला. दुसरं काय करणार? तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच — टकटक, बादली, चौदा, चहा.

"तुमच्या भुवयांवर मीठ आहे," मी म्हटलं.

"चवीपुरतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही चहाच्या कपात बघत बसलो. त्याच दिवशी मी ग्लेनिसला फोन केला. टाकी गेली, भिंतीवर कॉम्बी आला, शॉवरखाली खुर्ची बसली, आणि बाबा घरी आले.

पहिल्याच सकाळी सगळं हॅलिफॅक्स बर्फाखाली होतं. सातला बाई बाबांना धरून आत घेऊन गेल्या. मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी. सात-दहाला बाहेर जड पावलं वाजली... नेडचं दार उघडलं... मिटलं. चौदा तास तो त्या बर्फात होता. त्याने आज गरम पाण्याखाली धाव घेतली असती, तर कोण त्याला दोष देणार होतं?

इतक्यात बाथरूममधून बाबा जोरात ओरडले.

मी धावले. हात दाराच्या कडीवर, आणि आतून बाबांचा खणखणीत आवाज, "अहो बाई, भाजतंय मला! जरा कमी करा की! सोलून काढता काय?"

भाजतंय! म्हणजे धार मेली नव्हती! मी तिथेच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले, आणि रडतारडता हसले. आतून बाबांचं पुन्हा सुरू झालं, "हां... आता कसं! राहू दे, राहू दे... आणखी थोडा वेळ!"

आठला मी शेजारचं दार ढकललं. नेड जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. कोट अंगावर, बूट पायांत, ओठ निळे.

"अरे, चहा तरी करून घ्यायचास!"

"किटली भरायला नळ सोडावा लागतो." तो ताडकन उठला. "ते राहू दे. बाबा ओरडले ना मघाशी? मी भिंतीशीच होतो. मी नळ सोडला नव्हता, टेसा, शपथ! तरी गार लागलं का त्यांना? पडले का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या बाबांसाठी. त्या क्षणी मला काहीच फुंकून प्यायचं राहिलं नाही.

"नेड, मला तू आवडतोस. फार आवडतोस."

"हो, पण बाबा —"

"अरे, चटका बसला त्यांना! पाणी फार गरम होतं!"

"गरम...?"

"कडकडीत."

त्याने एक लांब श्वास सोडला आणि कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. त्याच्या कोटावरचा बर्फ वितळून माझी बाही भिजत होती.

"मलाही तू आवडतेस," मग तो खांद्यातच पुटपुटला. "बादलीच्या पहिल्या दिवसापासून."