रिकामे तीन तास

उखळाशी घड्याळ घेऊन उभी राहून मी भात सडणाऱ्या बायकांच्या मुसळाचे घाव मोजत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, भात सडायला घड्याळ लागतं, हे आमच्या धसईला ठाऊक नव्हतं!"

मी वळले. सायकल हातात धरून एक तरुण उभा होता. गावच्या शाळेचे मास्तर, कुंडलिक.

"भाताला नाही लागत. मला लागतं," मी म्हणाले... आणि मोजणी चुकली.

"किती झाले?"

"तुमच्यामुळे शून्य."

तो हसला. माघातलं ते कोवळं ऊन एकदम ऊबदार वाटलं.

एकेचाळीस साल होतं. विज्ञानाची पदवी घेऊन मी मुंबईच्या एका संस्थेत लागले होते. माणूस दिवसाचे किती तास कामात असतो, किती घरच्यांत, आणि दोन्हींत त्याचं मन किती, हे तक्त्यात भरायचं होतं. मन शून्य ते तीन अंकांत मांडायचं.

"मन तीनच्या वर गेलं तर?" कुंडलिकनं विचारलं. तो रोज शाळा सुटल्यावर मला ठाकरांच्या पाड्यावर न्यायचा.

"तेवढी जागा नाही तक्त्यात."

"मग तक्ता लहान आहे, बाई."

मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिले — टोक आधीच होतं.

नवव्या दिवशी मी चावडीत तक्ते भरत असताना जंगलाच्या ठेकेदाराचा कारभारी, नथू, तिथं आला. "अक्षर काय सुरेख हो तुमचं! बघू?" मला बरं वाटलं. मी तक्ता दिला. तो 'रिकामे तास' या रकान्यावरून सावकाश बोट फिरवत गेला. एका नावावर बोट थांबलं, तेव्हाही मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंडलिक धापा टाकत आला. चेहरा पांढराफटक. "नथूच्या माणसांनी पाड्यावरच्या गोमाला नेलं. शहापूरकडच्या जंगलात, कोळशाच्या भट्टीवर — वेठीला. म्हणाले, बाईंच्या कागदावर तू तीन तास रिकामा आहेस."

पाड्यावर गोमाची बायको सावळी दारातच बसली होती. मांडीवर चार वर्षांची तानी, तापानं फणफणलेली. सावळी रडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तू त्याचं बसनं लिवलंस. पोरीचा ताप नाय लिवलास."

गोमा रोज तीन तास पोरीला पेज भरवत, तिचे तळवे चोळत बसायचा. मी घड्याळ बघून लिहिलं होतं — रिकामा.

तिथंच बसून मी नवा तक्ता केला. एकही आकडा खोटा घातला नाही. तीन तास फक्त जिथं हवे होते तिथं लिहिले : आजारी मुलीची शुश्रूषा. मन — तीन.

"मुरबाडला मामलेदार कचेरीत देते. तुम्ही येऊ नका," मी म्हणाले. "शाळा जाईल तुमची."

"साक्षीला कोण? सावळीला ते दारात उभी करणार नाहीत. भीती वाटते हो मला. पण... चला."

रस्ताभर आमच्यामागे ठेकेदाराची दोन माणसं होती. खांद्यावर कुऱ्हाडी. आम्ही थांबलो की थांबायची. मी सवयीनं पावलं मोजू लागले. शंभराच्या पुढे काही आठवेना. कुंडलिक माझ्या आणि त्यांच्या मधोमध चालत होता. सायकल त्यानं मुद्दाम मागच्या बाजूला धरली होती.

कचेरीत साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. कारकुनानं साक्षीदाराचं नाव लिहून घेतलं, मग मान वर केली. कुऱ्हाडवाले दारात टेकून ऐकत होते.

"मास्तर, तुम्ही या बाईंचे कोण? परक्या बाईबरोबर रानातून फिरता... उद्या हे म्हणतील, साक्ष शिकवलेली आहे."

दारातला एकजण खुसखुसला.

"माझे होणारे यजमान," मी म्हणाले.

कारकुनाचा टाक थांबला. "खरं का, मास्तर?"

कुंडलिक माझ्याकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. "खरं," तो म्हणाला, "मला आत्ता कळलं, पण... खरं."

साहेबांना हसू आलं. त्यांनी ते मिशीत दाबलं आणि हुकमावर सही केली. गोमाला आजच सोडवायचं. शिपाई बरोबर देत होते. भट्टी आम्ही दाखवायची.

कल्याणला माझ्या वडिलांना काय सांगायचं, कुंडलिकची शाळा राहील की जाईल... काहीच ठाऊक नव्हतं. कुऱ्हाडवाले दारातून हलले नाहीत. शिपाई पुढे गेला. त्यांच्या अंगाला अंग घासेल इतक्या जवळून आम्हांला बाहेर पडायचं होतं.

"बाई," कुंडलिक पुटपुटला, "तुमचे हात फार गार आहेत."

त्यानं माझा हात कधी धरला, तेच मला समजलं नव्हतं.

"तुमचेही," मी म्हणाले, आणि आम्ही उंबरठा ओलांडला.